राष्ट्रीय अवकाशनीती आणि तलावांचा मुलूख : सौंदडच्या अनुषंगाने एक ऐतिहासिक विवेचन

१. विषयप्रवेश

भारत सरकारच्या मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी भारतीय अवकाश धोरणास संमती दिली. तत्पूर्वी साठ वर्षे या देशात अवकाशकार्य चालू होते. परंतु त्या सर्व कार्यास व्यापणारे एकसंध असे लिखित धोरण नव्हते. उपग्रहसंदेशवहनाचे धोरण १९९७ चे, दूरसंवेदन माहितीचे धोरण २००१ चे व पुन्हा २०११ चे, अशा तुकड्यातुकड्यांनी राज्ययंत्रणेने आपली भूमिका वेळोवेळी सांगितली होती. या तुकड्यांच्या मागे सलग असा काही विचार होता काय, असल्यास तो कोठे बदलला, आणि त्या बदलाचा परिणाम ज्याच्या शेतावरून हे उपग्रह फिरतात त्या माणसावर कसा झाला, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगे आहेत.

असा विचार बहुधा थुंबा, श्रीहरिकोटा, बंगळूर व अहमदाबाद या स्थळांवरून केला जातो. प्रस्तुत लेखात तो गोंदिया जिल्ह्यातील सौंदड येथून करण्याचे योजिले आहे. सौंदड हे सडक अर्जुनी तालुक्यातील गाव. पूर्वी सहा क्रमांकाचा व आता त्रेपन्न क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. गोंदियाहून नागभीड व बल्लारशाकडे जाणारा लोहमार्गही येथूनच जातो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग भंडारा जिल्ह्यात मोडत असे. येथे अग्निबाण सुटत नाहीत, उपग्रह बांधले जात नाहीत. परंतु धान, तलाव आणि जंगल या तीन गोष्टींवर जगणाऱ्या या मुलखाशी अवकाशनीतीचा संबंध तीन वेळा व तीन प्रकारांनी आला : प्रथम पाण्याच्या मोजणीतून, नंतर पिकाच्या मोजणीतून, आणि शेवटी आकाशातून पडलेल्या लोखंडातून. या तिन्ही प्रसंगांची संगती लावून पाहिल्यास राष्ट्रीय धोरणाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२. मोजणीची पूर्वपीठिका

वरून पाहून जमिनीचा हिशेब करण्याची कल्पना उपग्रहांबरोबर जन्मास आली असे नाही. विदर्भाच्या भूमीत तिचे एक मूळ फार जुने आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे मोजीत आणलेली त्याची रेखांशरेषा त्या वेळी याच प्रदेशात पोहोचली होती. ते काम शास्त्रीय होते यात शंका नाही. परंतु त्याचे फळ प्रथम राज्यकर्त्यांच्या हाती पडले. नकाशा हा राज्याच्या मालकीचा व बहुतांशी गुप्त ठेवण्याचा पदार्थ होय, ही समजूत तेव्हापासून रूढ झाली आणि स्वातंत्र्यानंतरही ती दीर्घकाळ टिकली. राष्ट्रीय नकाशा धोरण २००५ मध्ये आले, आणि भूस्थानिक माहिती देशातील व्यक्तींना व संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय निर्माण करता व वापरता येईल अशी मोकळीक फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी दिली. लॅम्बटनपासून येथपर्यंत दोन शतके लोटली.

दुसरी पूर्वपीठिका महसुलाची. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनी येथे मालगुजारी पद्धत कायम केली. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध. येथील तलाव बांधण्याचे श्रेय परंपरेने मुख्यतः कोहळी समाजास दिले जाते. नवेगाव बांधसारखा विस्तीर्ण जलाशय हे त्या कौशल्याचे स्मारकच होय. तलावाची पार, पाणी सोडण्याचे तुडुम, जादा पाणी वाहून जाण्याची सलंग, वरच्या तलावाचे पाणी खालच्या बोडीत व तेथून बांध्यांत उतरविण्याची योजना, या सर्वांचे ज्ञान गावात होते. कोणाचा पाण्यावर कोणता हक्क, पारीच्या डागडुजीस कोणी किती श्रम द्यावेत, हेही ठरलेले असे, आणि त्याची नोंद वाजिब-उल-अर्ज व पुढे निस्तारपत्रकात होत असे.

मध्यप्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा १९५० मध्ये झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. बहुतेक तलाव सरकारकडे आले. मालगुजाराच्या जुलमातून रयत सुटली, हा त्या कायद्याचा मोठाच लाभ. तथापि तलावाची देखभाल करणारी जी जुनी व्यवस्था होती, ती त्याबरोबर खिळखिळी झाली आणि नवी व्यवस्था तिच्या जागी तितक्याच जोमाने उभी राहिली नाही. भंडारा जिल्हा १९५६ मध्ये मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. दहा वर्षांत तीन राज्यांचे दफ्तर पालटले. पूर्व विदर्भातील साडेसहा हजारांहून अधिक ‘माजी मालगुजारी तलाव’, ज्यांस लोक संक्षेपाने ‘मामा तलाव’ म्हणतात, गाळाने भरू लागले. किती तलाव आहेत, त्यांत किती पाणी राहते, कोणत्या तलावाच्या पोटात शेती शिरली आहे, याचा अद्ययावत हिशेब सरकारजवळ असणे अत्यावश्यक झाले. नेमक्या याच गरजेच्या काळात भारताचे अवकाशकार्य सुरू झाले.

३. हेतूचे युग

१९६२ मध्ये डॉ. विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय अवकाश संशोधन समिती स्थापन झाली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला. १५ ऑगस्ट १९६९ रोजी भारतीय अवकाश संशोधन संघटना, म्हणजे इस्रो, अस्तित्वात आली. १९७२ मध्ये अवकाश आयोग व अवकाश विभाग स्थापन झाले. साराभाईंची भूमिका अशी होती, की दरिद्री देशाने चंद्रावर जाण्याच्या स्पर्धेत उतरू नये. परंतु शिक्षण, हवामान व नैसर्गिक संपत्तीची पाहणी या कामी हे नवे शास्त्र वापरण्यात तो कोणाच्याही मागे असता कामा नये. हे कायद्याच्या भाषेतील धोरण नव्हते. तो एक हेतू होता. पुढील वीस वर्षे या हेतूने धोरणाचे काम केले.

या युगात महाराष्ट्रातील शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस हे साराभाईंचे आरंभापासूनचे सहकारी. थुंब्याच्या जागेच्या निवडीत त्यांचा सहभाग होता. पुण्याचे वसंत गोवारीकर यांनी घनइंधनाचे शास्त्र देशात उभे केले व पुढे विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालकपद भूषविले. प्रमोद काळे यांनीही अहमदाबाद व तिरुवनंतपुरम येथील केंद्रांची धुरा वाहिली. एस.एल.व्ही.-३ या वाहनाने १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. वालचंदनगरच्या कारखान्यात सत्तरीच्या दशकापासून घडलेली यंत्रसामग्री इस्रोच्या अग्निबाणांत वापरली गेली.

साराभाईंचा हेतू खेड्यापर्यंत प्रत्यक्ष नेण्याचा पहिला भव्य प्रयत्न म्हणजे उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी शिक्षणाचा प्रयोग. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या ए.टी.एस.-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण यांचे कार्यक्रम दाखविण्यात आले. चिटणीस हेच या प्रयोगाचे व्यवस्थापक होते. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्यप्रदेश, आंध्रप्रदेश व कर्नाटक ही ती सहा राज्ये. महाराष्ट्र त्यांत नव्हता. मध्यप्रदेशातील निवडलेला खेड्यांचा समूह रायपूरच्या आसपासचा होता. सौंदडवरून जाणारा महामार्ग पूर्वेस रायपूरलाच जातो. धानाची तीच शेती, बरीचशी तीच बोली; पण राज्याची सीमा मध्ये आली आणि महामार्गाच्या या टोकाचे गाव प्रयोगाबाहेर राहिले. १९५६ मध्ये आखलेल्या प्रशासकीय रेषेचा असाही एक परिणाम झाला. पुढे १९८३ मध्ये इन्सॅट-१ ब हा उपग्रह सोडल्यानंतर ग्रामीण शैक्षणिक प्रसारणासाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या प्रयोगात यंत्र बसविण्याइतकेच महत्त्व प्रेक्षकांच्या प्रतिसादाच्या पाहणीस देण्यात आले होते. समाजशास्त्रज्ञ खेड्यांत राहिले. लोकांना काय समजले, काय समजले नाही, याची नोंद झाली. ज्याच्यासाठी हे कार्य आहे त्याचे म्हणणे ऐकणे हा त्या काळी तंत्राचाच भाग मानला जात असे. पुढील विवेचनासाठी हा धागा महत्त्वाचा आहे.

४. चित्रबिंदू आणि बोडी

दूरसंवेदनाचा आरंभ देशात १९७० च्या सुमारास केरळातील नारळाच्या झाडांवरील रोगाच्या हवाई पाहणीने झाला. भास्कर-१ हा प्रायोगिक उपग्रह ७ जून १९७९ रोजी सोडला गेला. परंतु खरा बदल १७ मार्च १९८८ रोजी झाला. त्या दिवशी सोव्हिएत भूमीवरून आय.आर.एस.-१ अ हा भारतीय दूरसंवेदन उपग्रह कक्षेत गेला. दर बावीस दिवसांनी तो त्याच जागेवर परत येई. त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. नैसर्गिक साधनसंपत्तीच्या राष्ट्रीय व्यवस्थापन योजनेखाली देशात जी पाच विभागीय दूरसंवेदन केंद्रे निघाली, त्यांपैकी एक नागपुरासच मिळाले. पूर्व विदर्भाच्या दृष्टीने हा योग भाग्याचा होता : तलाव येथे, आणि ते पाहण्याचे शास्त्र शंभर-सव्वाशे किलोमीटरवर.

परंतु यंत्राच्या मर्यादा आरंभी कठोर होत्या. आय.आर.एस.-१ अ वरील पहिल्या दृक्‌यंत्राचा एक चित्रबिंदू जमिनीवर ७२.५ मीटर लांबरुंद असे. म्हणजे एका बिंदूत अर्ध्या हेक्टराहून किंचित अधिक, साधारण सव्वा एकर जमीन सामावे. गावाची एक एकराची बोडी त्या एका बिंदूतही मावून उरे, आणि भोवतालच्या बांध्यांच्या रंगात मिसळून जाई. दुसऱ्या दृक्‌यंत्राचा बिंदू ३६.२५ मीटरांचा, त्यात तीच बोडी सुमारे तीन बिंदूंची झाली. २८ डिसेंबर १९९५ रोजी सोडलेल्या आय.आर.एस.-१ क वरील बहुवर्णी दृक्‌यंत्राने बिंदू २३.५ मीटरांवर आणला, आणि एकरंगी यंत्राने ५.८ मीटरांवर. या शेवटच्या चित्रात एका एकराच्या बोडीवर सुमारे १२० बिंदू पडतात. तिची पार, तिचा आकार व तिच्यावरील अतिक्रमण ओळखू येते. २००३ मध्ये सोडलेल्या रिसोर्ससॅट-१ ने हेच सूक्ष्म चित्र रंगांतही दिले. गावाच्या उपयोगाचे दृश्य मिळण्यास अशी पंधरा वर्षे लागली.

याच सुमारास धोरणाचा प्रश्न उपस्थित झाला. २००१ च्या दूरसंवेदन माहिती धोरणाने ५.८ मीटरांपर्यंतची माहिती सर्वांना भेदभावाविना देण्याचे ठरविले. त्याहून सूक्ष्म माहितीवर छाननी ठेवली. २०११ मध्ये ही मर्यादा एक मीटरापर्यंत आणली गेली. २०२३ च्या धोरणाने आणखी एक पाऊल टाकले : इस्रोच्या उपग्रहांची पाच मीटर व त्याहून स्थूल अशी माहिती सर्वांस मोफत व मुक्तपणे मिळावी, आणि पाच मीटरांहून सूक्ष्म माहिती सरकारी संस्थांस विनामूल्य व इतरांस वाजवी व उघड किमतीत मिळावी, असे त्यात म्हटले आहे. या तीन आकड्यांत राज्याचा नागरिकावरील विश्वास कसा वाढत गेला हे दिसते. लॅम्बटनच्या काळापासून चालत आलेली नकाशाच्या गुप्ततेची परंपरा येथे खऱ्या अर्थाने सैल झाली.

तथापि माहिती मुक्त होणे आणि ती उपयोगी पडणे यांत अंतर आहे. तलावाचेच उदाहरण घेऊ. पाणी अवरक्त किरण शोषून घेते व वनस्पती ते परावर्तित करते. या भेदावरून उपग्रहचित्रात पाणी ओळखले जाते. पण या मुलखातील कित्येक तलावांवर बेशरम व इतर पाणवनस्पतींचे आच्छादन पसरलेले असते. अशा ठिकाणी खाली पाणी असूनही यंत्रास वर हिरवाई दिसते, आणि भरलेला तलाव यादीत कोरडा वा लहान ठरतो. उलट, धानाच्या बांध्यांत रोवणीच्या वेळी पाणी साचलेले असते. तेव्हा सगळे शिवारच तलाव असल्यासारखे दिसते. तलाव कोणता व बांधी कोणती हे गावच्या ढीवराला वा कोहळ्याला क्षणात सांगता येते. यंत्रास ते वेगवेगळ्या ऋतूंतील चित्रे जुळवून व जमिनीवर पडताळा घेऊनच कळते. जलयुक्त शिवार अभियानात नागपूरच्या केंद्राने नकाशे पुरविले व कामांची स्थाननोंदणी केली, तेव्हा वरचे चित्र व खालची पाहणी यांची सांगड घालण्याची दिशा दिसली. ती दिशा योग्य होती. प्रश्न एवढाच उरतो, की निस्तारपत्रकातील हक्क कोणत्याही चित्रबिंदूत दिसत नाहीत. पाणी दिसते, पाणी कोणाचे, हे दिसत नाही. त्यासाठी जुने दफ्तर व जाणता माणूस यांनाच विचारावे लागते.

५. धान, ढग आणि विमा

गोंदिया जिल्ह्याचे मुख्य पीक धान. ते पावसाळ्यात उभे असते, आणि पावसाळ्यात आकाश ढगांनी झाकलेले असते. सूर्यप्रकाशावर चालणारे उपग्रह ढगांपलीकडे पाहू शकत नाहीत. त्यामुळे ज्या चार महिन्यांत सौंदडच्या शेतकऱ्याचे वर्ष ठरते, त्याच महिन्यांत तो उपग्रहांना दिसेनासा होई. ही अडचण सूक्ष्मलहरींच्या रडारने सुटते. कारण रडार स्वतःच लहरी पाठवून त्यांचा प्रतिध्वनी टिपते आणि ढगांचा त्यास अडथळा होत नाही. २६ एप्रिल २०१२ रोजी सोडलेला रिसॅट-१ हा या प्रकारचा भारतीय बनावटीचा पहिला उपग्रह. पाण्याने भरलेली बांधी रडारला प्रथम काळी दिसते व रोप वाढू लागताच उजळत जाते. या बदलावरून धानाचे क्षेत्र व रोवणीचा काळ ओळखता येतो. ३० जुलै २०२५ रोजी भारत व अमेरिका यांनी मिळून सोडलेला निसार उपग्रह दोन वेगवेगळ्या लांबींच्या लहरींनी दर बारा दिवसांनी तीच भूमी पाहण्यासाठी बांधलेला आहे. त्यामुळे जमिनीतील ओल व पुराचे पाणी यांची माहिती पूर्वीपेक्षा पुष्कळ नियमितपणे मिळण्याचा मार्ग मोकळा झाला आहे.

हा विषय आता केवळ शास्त्राचा राहिलेला नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ मध्ये सुरू झाली. त्यात नुकसानभरपाई ठरविण्यासाठी पीककापणी प्रयोगांवर भिस्त होती. २०२३ च्या खरिपापासून धान व गहू या पिकांच्या बाबतीत उत्पन्नाच्या अंदाजात तंत्राधारित, म्हणजे मुख्यतः उपग्रहाधारित, अंदाजास किमान ३० टक्के वजन देण्याची पद्धत केंद्राने आणली. याचा अर्थ असा, की शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या रकमेचा काही भाग उपग्रहाच्या साक्षीवर ठरू लागला. पीककापणी प्रयोगात हेराफेरी होत असे, ती या साक्षीने कमी होईल, हा लाभ खरा आहे. यंत्र कोणाचे पाहुणे होत नाही. परंतु साक्षीदार जितका प्रबळ, तितका त्याची उलटतपासणी घेण्याचा हक्क महत्त्वाचा. तुडतुड्याने पोखरलेले वा ऐन कापणीच्या वेळी पावसात भिजलेले धान वरून हिरवे वा पिवळे दिसू शकते. लोंबीत दाणा किती भरला हे वरून दिसेलच असे नाही. अंदाज कोणत्या चित्रांवरून, कोणत्या रीतीने काढला, हे ग्रामपंचायतीस मराठीत कळले पाहिजे आणि त्यावर आक्षेप घेण्याचा मार्ग असला पाहिजे. १९७५ च्या प्रयोगात खेड्याच्या प्रतिसादास जे स्थान होते, ते येथे पुन्हा आठवते.

६. लाडबोरीचे कडे

आतापर्यंतचा इतिहास आकाशातून पाहण्याचा झाला. आकाशातून पडण्याचाही एक इतिहास आहे, आणि तो याच लोहमार्गावर घडला. २ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडव्याचा दिवस. सायंकाळी आठच्या सुमारास विदर्भातील असंख्य लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या प्रकाशरेषा पाहिल्या. काहींना त्या उल्का वाटल्या. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे पडलेले आढळले. त्याच तालुक्यात पवनपार येथे धातूचा पोकळ गोळा सापडला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. त्याच सायंकाळी न्यूझीलंडमधून एक अग्निबाण उडाला होता. म्हणून प्रथम काहींनी त्याकडे बोट दाखविले. परंतु अवकाशवस्तूंचा मागोवा घेणारे खगोलशास्त्रज्ञ जॉनथन मॅकडॉवेल यांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या चांग झेंग-३ ब या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे अनुमान काढले. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन वस्तूंची पाहणी केली. त्यानंतर मे महिन्यात गुजरातमधील आणंद जिल्ह्यातही असेच गोळे पडले.

सौंदड स्थानकावरून जाणारा लोहमार्ग अर्जुनी मोरगाव, वडसा, ब्रह्मपुरी व नागभीडवरून सिंदेवाहीस पोहोचतो. सौंदड ते सिंदेवाही हे सरळ रेषेतील अंतर सुमारे शंभर किलोमीटर. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत फिरणारी वस्तू सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर जाते. त्या मानाने हे अंतर तेरा-चौदा सेकंदांचे. एवढ्या अल्प फरकाने कडे कोणत्या गावात पडेल हे ठरते, आणि ते आधी सांगणे आजच्या शास्त्रासही जवळजवळ अशक्य आहे.

या घटनेस आंतरराष्ट्रीय कायद्यात स्थान आहे. १९६७ च्या अवकाश करारानुसार राष्ट्राच्या अवकाशकार्याची जबाबदारी, मग ते सरकारी असो वा खाजगी, त्या राष्ट्रावरच असते. १९७२ च्या दायित्व करारानुसार प्रक्षेपित वस्तूने भूपृष्ठावर केलेल्या नुकसानीबद्दल प्रक्षेपण करणारे राष्ट्र निरपवाद जबाबदार धरले जाते. तेथे निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. भारत या करारात १९७९ मध्ये सामील झाला, आणि चीन १९८८ मध्ये. १९७९ हे वर्षही लक्षणीय आहे. त्या वर्षी ११ जुलैस अमेरिकेची स्कायलॅब प्रयोगशाळा कोसळली. ती भारतावर पडेल या भीतीने देशभर घबराट पसरली होती. अखेर ती हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडली. करारान्वये मागणीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र कॅनडाचे. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाचा कॉसमॉस-९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह तेथे कोसळला. कॅनडाने सुमारे साठ लाख डॉलरांची मागणी केली आणि १९८१ मध्ये तीस लाख कॅनेडियन डॉलरांवर तडजोड झाली.

लाडबोरीस असा दावा उद्‌भवला नाही, कारण तेथे नुकसान झाले नाही. परंतु झाले असते तर काय? करार राष्ट्राराष्ट्रांत आहे. लाडबोरीचा शेतकरी पेइचिंगशी बोलू शकत नाही. त्याच्या वतीने भारत सरकारनेच, आणि सामान्यतः एका वर्षाच्या आत, राजनैतिक मार्गाने मागणी करावयाची. सरकारने ती केलीच पाहिजे असे बंधन देशांतर्गत कायद्यात नसेल, तर त्या शेतकऱ्याचा हक्क सरकारच्या मर्जीवर अवलंबून राहतो. आणखी एक बाब अशी, की सापडलेली वस्तू सापडणाऱ्याची होत नाही. ती प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राच्या मालकीचीच राहते. अशा वस्तूत विषारी इंधनाचा अंश असू शकतो, म्हणून तिला हात न लावता तहसीलदारास वा पोलिसांस कळविणे हे नागरिकाने जाणले पाहिजे. हे ज्ञान आपल्या शालेय पुस्तकांत यावयास हवे.

प्रश्नाची दुसरी बाजूही पाहणे न्यायाचे आहे. भारतही अग्निबाण सोडतो, आणि खाजगी संस्था सोडू लागतील तसे भारतीय अवशेषही दुसऱ्यांच्या भूमीवर पडण्याचा संभव वाढेल. २०३० पर्यंत भारताच्या सर्व मोहिमा, सरकारी व खाजगी, अवशेषविरहित करण्याचे उद्दिष्ट इस्रोने २०२४ मध्ये जाहीर केले, ते या दृष्टीने स्वागतार्ह होय.

७. विस्ताराचे युग

१९९२ मध्ये अँट्रिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली तेव्हापासून अवकाशकार्यात व्यापाराचा प्रवेश झाला. २०१९ मध्ये न्यूस्पेस इंडिया ही दुसरी सरकारी कंपनी निघाली. जून २०२० मध्ये केंद्राने खाजगी संस्थांस हे क्षेत्र खुले करण्याचे जाहीर केले व त्यांना परवानगी आणि प्रोत्साहन देण्यासाठी इन-स्पेस ही संस्था निर्माण केली. २०२३ च्या धोरणाने कामाची वाटणी स्पष्ट केली : संशोधन इस्रोकडे, व्यापार न्यूस्पेसकडे, परवानगी इन-स्पेसकडे, व देखरेख अवकाश विभागाकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये विदेशी भांडवलाचे नियम सैल झाले. सरकारच्या पूर्वसंमतीशिवाय उपग्रहनिर्मितीत ७४ टक्के, प्रक्षेपणवाहनांत ४९ टक्के व सुट्या भागांत शंभर टक्के गुंतवणूक करता येईल असे ठरले. इन-स्पेसने आपल्या दशवार्षिक आराखड्यात भारताची अवकाश अर्थव्यवस्था ८.४ अब्ज डॉलरांवरून २०३३ पर्यंत ४४ अब्ज डॉलरांवर नेण्याचे, म्हणजे जगाच्या व्यापारातील वाटा सुमारे दोन टक्क्यांवरून आठ टक्क्यांवर नेण्याचे, ध्येय मांडले आहे.

या विस्तारात विदर्भाचा वाटा नाही असे नाही. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी उडालेला विक्रम-एस हा भारतातील पहिला खाजगी अग्निबाण हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचा. त्याच्या घनइंधनी यंत्राची चाचणी नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीज या स्फोटकनिर्मिती कंपनीच्या जागेत झाली होती. खाणी व दारूगोळा यांच्या निमित्ताने नागपूरच्या परिसरात वाढलेले रसायनकौशल्य अशा रीतीने अवकाशाच्या कामी आले. २०२५ मध्ये पृथ्वीनिरीक्षणाच्या बारा उपग्रहांची मालिका उभारण्यासाठी पिक्सेल कंपनीच्या नेतृत्वाखालील खाजगी समूहाची निवड इन-स्पेसने केली. याचा अर्थ, सौंदडच्या तलावांची व धानाची उद्याची चित्रे कदाचित खाजगी उपग्रह घेतील.

येथेच धोरणातील उणीव जाणवते. २०२३ चे धोरण मुक्त माहितीचे जे आश्वासन देते, ते इस्रोच्या उपग्रहांपुरते आहे. खाजगी उपग्रहांची माहिती ही विक्रीची वस्तू आहे. ती विमा कंपनी विकत घेऊ शकेल, शेतकरी घेऊ शकणार नाही. एकाच शेताचे चित्र एका पक्षाजवळ असावे आणि दुसऱ्याजवळ नसावे, अशा स्थितीत न्याय होणे कठीण. दुसरी उणीव कायद्याची. अवकाशकार्य विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०१७ मध्ये लोकांच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध झाला; परंतु २०२३ चे धोरण आले तेव्हा कायदा झालेला नव्हता. मे २०२४ मध्ये इन-स्पेसने परवानगीचे नियम व कार्यपद्धती प्रसिद्ध केली, तीही संसदेच्या कायद्यावाचूनच. धोरण सरकारला दिशा दाखविते. नागरिकाला न्यायालयात उभे राहण्यास पाय देतो तो कायदा.

८. उपसंहार

या विवेचनातून तीन युगे दिसतात. पहिल्या युगात हेतू होता, साधने तुटपुंजी होती. दुसऱ्या युगात साधने आली, आणि माहिती हळूहळू मोकळी झाली. तिसऱ्या युगात भांडवल व उद्योग येत आहेत. पहिल्या युगाचा हेतू तिसऱ्या युगात टिकेल काय, यावर या क्षेत्राच्या वाढीचे मोल ठरेल. मालगुजारी निर्मूलनाचा धडा येथे उपयोगी पडण्याजोगा आहे. तो कायदा न्याय्य होता. परंतु जुनी व्यवस्था काढून घेताना पारीची डागडुजी यापुढे कोणी करावयाची, हे पुरेसे ठरविले गेले नाही, आणि तलाव गाळाने भरले. इस्रोने आजवर वाहिलेली लोकोपयोगी कामे इतरांच्या हाती सोपविताना तीच चूक होऊ नये.

यास्तव तीन गोष्टी आवश्यक वाटतात. सार्वजनिक निर्णयासाठी, मग तो विम्याचा असो वा तलावाच्या दुरुस्तीचा, जी उपग्रहचित्रे वापरली जातील ती, कोणाच्याही उपग्रहाची असोत, संबंधित ग्रामपंचायतीस विनामूल्य पाहता आली पाहिजेत. त्या चित्रांवरील निष्कर्षास गावाने घेतलेला आक्षेप जमिनीवरील पाहणीने तपासला गेला पाहिजे. आणि आकाशातून पडणाऱ्या वस्तूने नुकसान झाल्यास प्रथम भारत सरकारने भरपाई द्यावी व मागाहून ती परराष्ट्राकडून वसूल करावी, अशी तरतूद कायद्यात झाली पाहिजे. चव्वेचाळीस अब्ज डॉलरांच्या आराखड्यात या तीन गोष्टींचा खर्च फार नाही. पण सौंदडच्या बांधीतून पाहिले असता राष्ट्रीय अवकाशनीतीचा कस याच तीन ठिकाणी लागणार आहे.